जुनी चिनी चावीची घड्याळं जमवायची तर डायलच्या आधी मशीन बघा

जुन्या चिनी घड्याळात सगळ्यात आधी बदलली जाते ती डायल. डायल नव्याने छापून मिळते, काटे पाकिटावारी मिळतात, केस, म्हणजे बाहेरचं कवच, तेही दुसरं बसवता येतं. साठच्या दशकातलं मशीन मात्र कुणी नव्याने घडवत बसत नाही. त्यामुळे घड्याळ समोर आलं की क्रम एकच: मशीन कुठल्या कारखान्याचं, कुठल्या जातीचं, आणि डायलवर जे लिहिलंय त्याच्याशी ते जुळतं का. यातलं एक जरी विसंगत निघालं तरी ते घड्याळ शोभेचं. त्याला संग्रहाचा भाव देऊ नका.

आधी घराणी ओळखा

ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिलं स्विस घड्याळ समोर ठेवून शिकलेलं. २४ मार्च १९५५ रोजी तियानजिनमध्ये चार कारागिरांनी सिंडाको नावाच्या स्विस घड्याळावरून पहिलं चिनी मनगटी घड्याळ हाताने जुळवलं. त्यात १५ ज्वेल (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते बारीक खडे) होते आणि नाव होतं 'वूशिंग', म्हणजे पाच तारे. ते बाजारात मिळेल अशी आशा धरू नका; कुणी विकायला काढलं असेल तर तिथून निघा. पुढे याच शहरात 'वूयी', म्हणजे एक मे, हा ब्रँड निघाला आणि तो शोधला तर मिळतो. शांघायमध्ये १९५५ च्या सप्टेंबरात १८ नमुने तयार झाले आणि १९५८ मध्ये ए५८१ विक्रीला आलं: १७ ज्वेल, तासाला १८,००० ठोके. पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या मनगटावर शांघाय घड्याळ असायचं. या ब्रँडला चीनमध्ये आजही जो मान आहे, त्यात त्याचाही वाटा आहे.

दुसरं घराणं कारखान्यांच्या स्वतःच्या रचनांचं, आणि संग्रह करायला सगळ्यात समाधान देणारं हेच. तियानजिनचं एसटी५ हे मशीन १९६६ मध्ये आलं. पूर्णपणे चीनमध्ये आखलेलं पहिलं मशीन म्हणून ते ओळखलं जातं. देशात ते 'दोंगफेंग' या नावाखाली विकलं गेलं. १९७३-७४ च्या सुमारास निर्यातीसाठी 'सीगल' हे नाव आलं. ठोके तासाला २१,६००, आणि चांगल्या प्रतीत १९ ज्वेल. शांघायचा चौथा घड्याळ कारखाना मुळात स्टॉपवॉच बनवणारा, त्यामुळे त्यांच्या 'झुआनशी' म्हणजे हिरा या ब्रँडचं एसएम१ए मशीन चालीला फार नेटकं असतं. भावाच्या मानाने हातात पडणारा दर्जा बघितला तर झुआनशीला तोड नाही. बीजिंगच्या कारखान्याचं 'शुआंगलिंग' डायलवरच्या दोन जुळ्या समभुज चौकोनांवरून लगेच ओळखू येतं.

तिसरं घराणं तोंगजी, म्हणजे सगळ्यांसाठी एकच मशीन. १९६९ मध्ये सरकारी पातळीवर ठरलं की देशभरच्या कारखान्यांनी एकच आराखडा वापरायचा, आणि १९७१ पर्यंत तो तयार झाला. पाया स्विस एनिकारच्या मशीनचा. १७ ज्वेल, २१,६०० ठोके, एका चावीत ४० तासांच्या आसपास चाल. मग प्रांतोप्रांती कारखाने उभे राहिले: दांदोंगचं 'कोंगछुए' म्हणजे मोर, चोंगकिंगचं 'शानचेंग' म्हणजे डोंगरातलं शहर, हांगझोऊचं 'शीहू' म्हणजे तिथलं प्रसिद्ध सरोवर, किंगदाओचं 'जिनमाओ' म्हणजे जहाजाचा सोन्याचा नांगर. शांघायच्या दुसऱ्या कारखान्याचं 'बाओशीहुआ'ही याच मशीनवर चालतं. मशीन एकच असल्यामुळे इथे मजा डायलची, नावांची आणि गावांची. एकेका शहराने स्वतःची ओळख म्हणून काय निवडलं, ते तोंगजीच्या डझनभर डायली शेजारी ठेवल्या की दिसतं.

सुरुवात तोंगजीपासूनच करा. सुटे भाग मिळतात, चूक झाली तरी नुकसान थोडं, आणि हात बसतो. झुआनशी किंवा दोंगफेंग दुसऱ्या टप्प्यावर. ए५८१ अगदी शेवटी, आणि तेही उघडलेलं मशीन बघूनच.

सत्तरच्या दशकात शांघाय घड्याळ १२० युआनला होतं, म्हणजे साध्या कामगाराचे कित्येक महिन्यांचे पगार, आणि वर कुपनही लागायचं. सायकल, शिलाई मशीन आणि घड्याळ या तीन फिरणाऱ्या वस्तू आणि एक वाजणारा रेडिओ, एवढं लग्नाआधी जमवायचं असा तेव्हाचा रिवाज. नानजिंगचं 'झोंगशान' ३० युआनला मिळायचं म्हणून ते खेड्यापाड्यांत गेलं. याचा संग्राहकाशी थेट संबंध आहे. एवढ्या महाग वस्तू माणसं वीस-वीस वर्षं रोज घालत, परत परत दुरुस्त करून घेत. म्हणून मागच्या झाकणाच्या आत कारागिरांनी सुईने कोरलेले आकडे आणि खुणा दिसल्या तर त्या घासून काढू नका. घड्याळ खरोखर वापरलं गेलं याचा तोच पुरावा. उलट, चाळीस-पन्नास वर्षं जुनं म्हणून विकलेलं घड्याळ आतून बाहेरून लखलखीत आणि केसवर एकही ओरखडा नाही, तर दोनच शक्यता: कारखान्याच्या गोदामातला न विकलेला माल, किंवा नवीन जुळवणी. पहिली शक्यताही खरी असते, पण ती मशीनवरून सिद्ध व्हायला हवी.

डायल वाचायला चिनी यायची गरज नाही

चार-पाच चिन्हं डोळ्यांत बसली की पुरे. चौकोन आणि त्याला मधोमध चिरत जाणारी उभी रेघ, हे 'चीन'मधलं पहिलं अक्षर. अधिकच्या चिन्हासारखी फुली म्हणजे दहा; तिच्या पुढे सातचं चिन्ह आणि मग एक गुंतागुंतीचं अक्षर आलं की '१७ झुआन', म्हणजे १७ ज्वेल. शांघायच्या नावात पहिलं अक्षर सोपं आहे: खाली लांब आडवी रेघ, तिच्यावर उभी रेघ आणि उजवीकडे निघालेली आखूड काडी. नंतरच्या शांघाय घड्याळांवर हे नाव माओच्या हस्ताक्षराच्या वळणात येतं. तसं वळण ए५८१ म्हणून सांगितलेल्या डायलवर दिसलं तर डायल नंतरची आहे.

पैशाच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी दोन चिन्हं मागच्या झाकणावर किंवा कागदांवर असतात. छपराखाली तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी, म्हणजे 'पूर्ण'. केस पूर्ण पोलादाची. वर दोन तिरपे ठिपके, खाली दोन आडव्या रेघा आणि त्यांना छेदत खाली जाणारी लांब उभी रेघ, म्हणजे 'अर्धी'. पोलाद फक्त झाकणाला, बाकी पितळेवर क्रोम. अर्ध्या पोलादी केसचं क्रोम पट्टा अडकतो त्या शिंगांच्या आतल्या बाजूने सुटतं. घामाने पितळेवर हिरवी पूड धरते आणि खड्डे पडतात. अशी केस पॉलिश करायला घेऊ नका; उरलेलं क्रोमही जातं. पोलादी केसला मात्र हलकं पॉलिश चालतं, तेही कडा गोल न करता.

उघडण्याआधी कानाने तपासा

विक्रेत्याला फोटोआधी आवाज मागा. शांत खोलीत घड्याळ फोनच्या माइकवर ठेवून ३० सेकंदांचं रेकॉर्डिंग. फोनवर घड्याळाची चाल मोजणारी ॲप मिळतात, ती यातून ठोके मोजून देतात. १८,००० म्हणजे सेकंदाला पाच टकटक, २१,६०० म्हणजे सहा. ए५८१ म्हणून विकलं जाणारं घड्याळ सहा ठोके देत असेल तर आत दुसरंच मशीन आहे. झाकण न उघडता, एक पैसा न देता ही फसवणूक पकडता येते, आणि ए५८१ च्या बाबतीत हीच सगळ्यात जास्त चालते. दोंगफेंगला ही युक्ती लागू पडत नाही, कारण एसटी५ आणि तोंगजी दोघांचे ठोके सारखेच. तिथे मशीनचा फोटो हवाच.

फोटो कुठले मागायचे: डायल सरळ समोरून, बाजूने चावीसकट, बंद झाकण, झाकणाची आतली बाजू, आणि मशीन दोनदा, त्यातला एक फोटो बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलून ठोका देणाऱ्या चाकाच्या) खाली कोन करून घेतलेला. कारखान्याचा कोड बहुधा तिथेच कोरलेला असतो. 'एस'ने सुरू होणारा कोड म्हणजे कारखान्याची स्वतःची रचना, पुढचं अक्षर बहुधा गावाचं: एसटी तियानजिन, एसएस शांघाय, एसबी बीजिंग. 'झेड'ने सुरू झाला तर तोंगजी. बॅलन्सखाली काहीच नाही, पुलांच्या (चाकं वरून धरणाऱ्या पट्ट्यांच्या) कडा खरबरीत आणि ज्वेल फिकट गुलाबी प्लॅस्टिकसारखे, अशी अवस्था असेल तर ते अलीकडे स्वस्तात बनलेलं तोंगजी आहे. ते चालतं, पण जुन्याच्या भावाने घ्यायचं नाही. जो विक्रेता झाकण उघडायला तयार नाही, त्याच्याशी भाव करत बसू नका.

तीन सापळे नेहमीचे. माओ हात हलवतोय अशी डायल असलेली 'सांस्कृतिक क्रांतीची' घड्याळं पर्यटकांसाठी नंतर बनलेली आहेत. लाल तारा मोठा छापलेल्या 'लष्करी' डायलींचंही बहुधा तेच. तिसरा सापळा हवाई दलाच्या क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळाचा. तियानजिनने १९६१ मध्ये '३०४' या प्रकल्पावर काम सुरू केलं, स्वित्झर्लंडहून व्हीनस १७५ या मशीनची यंत्रसामग्री आणली आणि एसटी३ मशीन तयार केलं. मूळ घड्याळांची संख्या सुमारे १,४०० धरली जाते. आज '१९६३' या नावाने जी दिसतात ती एसटी१९ वर चालणारी पुनर्निर्मिती आहे. घालायला ती छानच आहेत. कुणी त्याच घड्याळाला मूळ म्हणत असेल तर मात्र त्याचा बाकीचा मालही संशयानेच बघा.

खरेदी कुठे? बीजिंगचा पानजियायुआन बाजार प्रत्यक्ष हाताळून घ्यायला चांगला. ऑनलाइन म्हणाल तर शियान्यू आणि ताओबाओ. चीनबाहेरून घेणाऱ्याला मध्यस्थ लागतो. त्याला पैसे देऊन गोदामातच मशीनचे फोटो काढून घ्या, कारण माल चीनबाहेर पडला की परत करणं जवळजवळ अशक्य.

हातात आल्यावर

लगेच पूर्ण चावी देऊ नका. तेल सुकून डिंक झालेलं असतं, आणि त्यावर जोर पडला की बारीक चुली, म्हणजे चाकांच्या दांड्यांची टोकं, घासतात. आठ-दहा वळसे द्या, बघा चालतं का, आणि मग झाकण उघडा. खाचांचं झाकण असेल तर दोन किंवा तीन टोकांचं पाना. दाबून बसणारं असेल तर कडेची उंचवट्याची जागा शोधून पातळ पातं. झाकणाखालची रबरी कडी बहुतेकदा वितळून काळं डांबर झालेली असते. ती लोखंडी टोकाने खरवडू नका. लाकडी टूथपिक चपटं करून, लायटरच्या नॅफ्थात बुडवून, झाकण उलटं धरून काढा. एक कण जरी बॅलन्सच्या हेअरस्प्रिंगवर (केसासारख्या बारीक गुंडाळीवर) पडला तर वळणं चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढे पळतं. चुंबकत्वाची लक्षणंही हीच, म्हणून आधी डीमॅग्नेटायझरवरून फिरवा. त्याने सुधारलं नाही तर तेल किंवा डांबर शोधा.

चाल मोजण्याच्या यंत्रावर पूर्ण चावीत, डायल वर ठेवून, झोका, म्हणजे बॅलन्स मधल्या जागेपासून एका बाजूला जेवढं फिरतं ते, २७० ते ३०० अंश आला तर उत्तम. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग लागणार. लिफ्ट अँगल (त्या मशीनसाठी यंत्रात भरायचा कोन) माहीत नसेल तर यंत्राचा नेहमीचा ५२ ठेवा आणि आकडा फक्त आधी-नंतरच्या तुलनेपुरता धरा. यंत्र नसेल तर फोनच्या स्लो-मोशनमध्ये बॅलन्सचा एक आरा किती फिरतो ते बघा. डायल वर आणि डायल खाली या दोन स्थितींत मोठा फरक आला की एका बाजूची बॅलन्सची चूल झिजलेली किंवा वाकलेली आहे. सेकंद काटा बरोबर आणि मिनिट काटा मात्र मागे राहतोय, असं असेल तर चालीला हात लावू नका. कॅनन पिनियन, म्हणजे मिनिट काटा बसतो ती नळी, सैल झालंय. ते हलकं आवळून ग्रीस लावणं एवढंच काम.

सर्व्हिसिंग स्वतः करणार असाल तर

पहिलं काम स्प्रिंगचा ताण उतरवणं. चावी बोटांत घट्ट धरा, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिट्टी) बाजूला दाबा आणि चावी बोटांतून सावकाश मागे फिरू द्या. हे न करता पॅलेटचा (चाकांना ठोक्याठोक्याला अडवून सोडणाऱ्या तुकड्याचा) पूल उघडलात तर चाकं एका क्षणात भिरभिरतात आणि दाते जातात.

मग चावीचा दांडा. तो सोडवणारा स्क्रू असेल तर एक ते दीड वळसाच सैल करा. जास्त सैल केला की आतला लिव्हर डायलच्या बाजूला गळून पडतो, आणि मग दांडा परत बसवायला डायल आणि काटे काढावेच लागतात. नवशिक्यांची सगळ्यात जास्त घड्याळं इथेच अडकतात. मशीन बाहेर आलं की काटे काढताना डायलवर पातळ प्लॅस्टिक ठेवा. डायलला पाणी, थुंकी, साबण काही लावायचं नाही. छपाई पाण्याने उठते. फुंकर मारायच्या रबरी पंपाने धूळ उडवा, आणि डाग पडला असेल तर तो तसाच राहू द्या. डायलच्या अंकांवर जुना चमकणारा रंग असेल तर तोही खरवडू नका. त्या काळच्या अशा रंगात रेडियम असू शकतं आणि त्याची पूड श्वासात जायला नको.

धुताना एक गोष्ट लक्षात ठेवा: पॅलेटचे दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॅलेट आणि बॅलन्स नॅफ्थातच बुडवा. शॉक स्प्रिंग (बॅलन्सच्या ज्वेलवरची धक्का झेलणारी स्प्रिंग) उघडताना वर पारदर्शक पिशवी धरा. या मशीनच्या शॉक स्प्रिंग स्विस मापाच्या असतीलच असं नाही, उडाली तर दुसरं मशीन फोडावं लागतं.

तेल: बॅलन्सच्या ज्वेलना आणि वेगाने फिरणाऱ्या चुलींना मोबियस कंपनीचं ९०१०, बॅरल (मुख्य स्प्रिंगचा डबा) आणि मधल्या चाकाला जाडं एचपी१३००, पॅलेटच्या दगडांच्या टोकाला ९४१५, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. पॅलेटच्या चुली कोरड्या ठेवायच्या. ज्वेलच्या खळग्यात तेल अर्ध्यापर्यंत, त्याहून जास्त झालं की ते पसरून निघून जातं आणि चूल कोरडी पडते.

सुट्या भागांबद्दल: तोंगजीचे भाग सगळ्या कारखान्यांत अदलाबदलीचे असावेत असा उद्देश होता. चाकं, मेनस्प्रिंग, क्लिक यांबाबत ते बऱ्यापैकी खरं आहे. बॅलन्स मात्र हेअरस्प्रिंगसकट एकत्र बदला, एकटं चाक बदलून ठोका जुळवत बसण्यात वेळ जातो. आणि पूल एका कारखान्याचा, पाया दुसऱ्याचा असं करू नका. ज्वेलच्या उंचीत किंचित फरक असतो आणि चाक एकतर अडकतं किंवा खडखडतं. त्यापेक्षा त्याच कोडचं एक बंद पडलेलं घड्याळ स्वस्तात घेऊन बाजूला ठेवा.

काच ॲक्रिलिकची असते. ओरखडे ६०० पासून २००० पर्यंतच्या पॉलिश कागदाने आणि शेवटी पॉलिश पेस्टने जातात. तडा गेला असेल तर केसच्या खाचेचं माप घ्या आणि ०.१ ते ०.२ मिमी मोठी काच दाबून बसवा. पट्ट्याची जागा बहुधा १८ मिमी असते, पण मोजूनच घ्या. आणि झाकणावर काहीही लिहिलेलं असो, पाण्यापासून लांब ठेवा.

कागद घड्याळाइतकेच जपा

घड्याळाबरोबर खोका, हमीपत्र, दुकानाची पावती आली तर त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. पावतीवर तारीख, दुकान आणि कधीकधी गाव असतं, आणि मॉडेल कधी कुठे विकलं जात होतं हे ठरवायला त्याहून भक्कम काही नाही. झाकणाच्या बाहेर कधी कारखान्याचं किंवा कामाच्या तुकडीचं नाव, निवृत्तीची किंवा बक्षिसाची तारीख कोरलेली असते. असं घड्याळ कमी किमतीत मिळतं, कारण बरेच जण कोरीवकाम म्हणजे खराबी समजतात. ते आधी घ्या.

प्रत्येक घड्याळाला एक पाकीट: मशीनचा कोड, ज्वेल, ठोके, केसचा व्यास, घेतलं तेव्हाची चाल आणि झोका, काय बदललं आणि काढलेला मूळ भाग. बदललेला स्क्रूसुद्धा त्याच पाकिटात. साठवण कोरड्या डब्यात, सिलिका जेल घालून, चामड्याचे पट्टे काढून, कारण चामडं ओल धरतं आणि अर्ध्या पोलादी केसचं क्रोम तिथूनच सुटायला लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी थोडी चावी द्या. सर्व्हिसिंग न झालेल्या घड्याळांना देऊ नका, ती बंदच बरी.